बिननावाचा शंख

शंखांनी भरलेलं काचेचं कपाट असलेलं घर अख्ख्या सेलूत आमचं एकच असावं, आणि त्याची धूळ पुसणारी मी. मी ब्लाऊज शिवते. पुढच्या खोलीत माझं मशीन, मशीनच्या मागं ते कपाट. माप द्यायला आलेल्या बाया हटकून विचारतात, "हे देवाचं हाय का?" मी म्हणते, "न्हाई, बाबांचं हाय." त्यांना हसू येतं. मला येत नाही.

बाबा इथल्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पुस्तकात समुद्राचे प्राणी, आणि पोरांनी उभ्या जन्मात बघितलेली गोगलगाय म्हणजे सोयाबीन फस्त करणारी. म्हणून दर हिवाळ्यात कोकणात सहल जायची. पोरं पाण्यात डुंबायची, बाबा ओहोटीला खडकांतून वाकून फिरायचे. येताना पोरांच्या पिशव्यांत काजू, बाबांच्या पिशवीत घाण वास मारणारे शंख. आई ते उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. अंगणात उकळायचे, आतलं मांस सुईनं काढायचं, शंख उन्हात वाळवायचे, तेव्हा कुठं कपाटात जागा. प्रत्येकाखाली बाबांच्या हातची चिठ्ठी, त्यावर नाव आणि कुठं सापडला ते. एका शंखाखाली मात्र चिठ्ठी नव्हती. तो शेवटच्या सहलीतला, मूठभर आकाराचा. "रिटायर झाल्यावर निवांत बघू," असं म्हणून ठेवलेला. बाबा रिटायर झाले, आणि निवांत व्हायच्या आधी काचबिंदू आला.

उजवा डोळा कधी गेला ते कळलंसुद्धा नाही. चहाचा कप ठेवताना बशी चुकायला लागली तेव्हा परभणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नसते, डाव्या डोळ्यात उरलीय तेवढी थेंब टाकून टिकवायची, आणि तीही टिकेलच असं नाही. आई गाडीत बसेपर्यंत विचारत राहिली, मोतीबिंदू काढतात तसा हा काढत नाहीत का. मी तिच्यावर खेकसले. घरी आल्यापासून ती रोज सकाळी बाबांच्या पापण्यांवर लेप लावायला लागली. चंदनाचा, थंडाव्याला. बाबा लहान लेकरागत तोंड वर करून बसायचे. मला वाटायचं, लावू दे, तेवढंच तिचं समाधान.

थेंब चालू होते तरी डाव्या डोळ्याची नजर आवळत चालली. नळकांड्यातून बघावं तसं मधलं तेवढं दिसायचं, बाजूचं सगळं अंधारात. तेव्हा बाबांनी त्या शंखाचं मनावर घेतलं. "हा एक राहिलाय. दिसायलंय तोवर ह्याचं नाव लावून टाकू."

"कुणासाठी?" मी म्हणाले. "कॉलेजवाले तर म्हणले, पोरं आता मोबाईलवर बघत्यात, कपाट ठेवायला जागा न्हाई."

"कुणासाठी न्हाई. माझं काम राहिलंय."

दुपारी गिऱ्हाईक नसतं, त्या वेळेला आम्ही दोघं बसायला लागलो. पुस्तक माझ्या मांडीवर, शंख माझ्या हातात, हुकूम बाबांचे.

"टोक वर धर. तोंड तुझ्याकडं. तोंड कुठल्या हाताला आलं?"

"उजव्या."

"बराबर. आता टोकापासून वेढे मोज."

टोकाचे वेढे बारीक, झिजलेले, मोजताना माझा गोंधळ व्हायचा. बाबा शंख काढून घ्यायचे, नखानं चाचपायचे, परत द्यायचे. दोन वेढ्यांच्या मधल्या खाचेला बाबांच्या शास्त्रात शिवण म्हणतात. शिवणीत धूळ बसते ती मला माहीत होती, पण ती शिवण खोल आहे का उथळ हे मी कधी बघितलं नव्हतं. शेवटचा वेढा सगळ्यात मोठा, चांगला गरगरीत. अंगावर आडवे कंगोरे, दोरा भरल्यासारखे एकाखाली एक. तोंड गोल, पुरं गोल, आणि आत मोत्याची झाक. असं गोल तोंड, आत मोती, बाहेर पागोट्यासारखे वेढे, म्हणजे हा टर्बो. इथवर बाबांना आधीच माहीत होतं. टर्बोतला कोणता, ते राहिलं होतं.

रंगावरून आमचं कडाक्याचं वाजलं.

"तपकिरी," मी म्हणाले.

"तपकिरी म्हंजे? चहाचा का गुळाचा?"

"बाबा, मी दिवसभर साड्यांना फॉल जुळवते. मला रंग शिकवू नका. हा कॉफी हाय, त्यावर काळपट पट्टे हायत, आणि वरच्या अंगाला उन्हानं विटलाय. खिडकीसमोर कपाट कुणी ठेवलं?"

"मीच," बाबा म्हणाले, आणि पुढच्या खुणेकडं वळले.

त्या दिवसांत मला त्या शंखाची गोडी लागली, हे कबूल करायला हरकत नाही. बाबांच्या चेहऱ्यावर पण वर्गातली कळा आली होती. मला वाटायला लागलं, जमेल. हे एवढं तरी जमेल.

शेवटी पुस्तकातल्या दोन जातींवर येऊन अडलं. दोन्ही सारख्याच, दोन्ही कोकणात सापडतात, आणि ज्या रंगानं फरक कळायचा तो विटलेला. बाबा म्हणाले, "चिंता न्हाई, झाकण हाय." मग त्यांनी मला झाकण समजावलं. ही गोगलगाय आत शिरली की मागून दार लावून घेते. ते दार म्हणजे जाड गोल झाकण, दगडासारखं टणक. आतली बाजू सपाट, तिच्यावर चक्र. बाहेरची बाजू फुगीर. एका जातीचं झाकण बाहेरून गुळगुळीत, दुसरीचं खसखस पेरल्यासारखं दाणेदार. "शंख उकळला तवा मी काढून काडीपेटीत ठेवलंय, कापसात. बोट फिरवलं की निकाल."

काडीपेटी शंखाच्या मागंच सापडली. आत कापूस होता. झाकण नव्हतं.

मग जे शोधणं सुरू झालं ते विचारू नका. मी कपाट रिकामं केलं, मशीनचे खण उपडे केले, बटनांचा डबा सुपात ओतून एक एक बटन बघितलं. चिडचिड नुसती. बाबा म्हणायचे, "सावकाश बघ." पण ते रोज पंचांगाच्या कॅलेंडरसमोर उभे राहून आज किती तारीख हे वाचायचे, ते त्यांनी ह्या शोधाशोधीत बंद केलं. मला विचारायला लागले. सावकाश कसलं बघणार मी? आई तेवढी गप्प होती, आणि आमची आई गप्प बसणाऱ्यातली बाई नाही. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

एका सकाळी मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. आई सहाणेपुढं बसली होती. पाण्याचे थेंब टाकायची, उगाळायची. तिच्या चिमटीत चंदनाचं खोड नव्हतं. पांढरं, गोल काहीतरी होतं.

"काय हाय ते?"

"गोमती चक्र," आई म्हणाली. लपवलं नाही तिनं. "ताडकळसला गेल्ते ना मामाकडं, तिथं बाजारात पूजेचं सामान घेऊन बसलेली बाई म्हणली, हे उगाळून डोळ्याला लावा, नजर धरती. तिच्याकडली बटनाएवढी होती. मला आठवलं, आपल्या कपाटात तर केवढं मोठं हाय. घरात असताना इकत कशाला घ्यावं?"

"कवापासून लावायलीस?"

"दिवाळीच्या आधीपासून. चंदन वासापुरतं."

"आणि आमी घर डोक्यावर घेतलं तवा बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर लावू दिलं असतं का तुमी?" तिचा हात थांबला नव्हता. "तुमी दोघं त्या शंखाचं बघायले. मी यांच्या डोळ्याचं बघायले."

मी तिच्या हातातून ते ओढून घेतलं. चक्राची बाजू जशीच्या तशी होती, सुबक, एकसुद्धा ओरखडा नाही. चक्र देवाचं, ते घासायचं नाही म्हणून आई रोज दुसरी बाजू सहाणेवर धरायची. दुसरी बाजू, फुगीर असायची ती, पाटासारखी सपाट झाली होती. मला रडू आलं नाही. राग आला, इतका की ती सहाण उचलून अंगणात फेकावी. आईला काय बोलले ते इथं लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं.

आमचं घर ते केवढं. बाबांनी बाजेवर बसल्या बसल्या सगळं ऐकलं होतं. "आण इकडं," ते म्हणाले.

त्यांनी आधी चक्रावर अंगठा फिरवला. "ही आतली." मग झाकण उलटं केलं आणि अंगठा परत फिरवला. फिरवत राहिले. मी खुळी, मला वाटलं अजून काही होईल.

"गुळगुळीत हाय ना बाबा? मंग पहिली जात."

"हे त्याचं गुळगुळीत न्हाई. घासल्याचं हाय." मग म्हणाले, "काठाला बघ. एखादा दाणा उरला असंल."

मी मशीनचा दिवा लावून काठ बघितला. एका ठिकाणी काहीतरी होतं, पण तो दाणा होता का सहाणेचा चरा, मला सांगता येईना. खोटं सांगावं असं वाटलं. दाणे हायत म्हणावं, नाव लागलं असतं. पण बाबांना अंदाजानं लावलेलं नाव चालत नाही, ह्या कपाटातली एकही चिठ्ठी तशी नाही.

"मी बघतो," बाबा म्हणाले. झाकण डाव्या डोळ्याजवळ नेलं. जवळ, लांब, खाली, वर. त्यांना ते त्या नळकांड्यात सापडेना. "दिवा लाव."

"लावलाय."

"मंग दारात चल. उजेडात."

मी त्यांना हाताला धरून दारात नेलं. सकाळचं ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं, झाकणावर पडलं होतं, त्यांच्या बोटांवर पडलं होतं. ते बराच वेळ तसेच बघत राहिले.

"ऊन पडलं न्हाई का आज?"

मी त्यांचा दंड घट्ट धरला. आई मागं सहाण हातात घेऊन उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

बाबांना कळलं. त्यांनी झाकण मुठीत धरलं आणि दाराच्या चौकटीला टेकले. मग मला म्हणाले, "चिठ्ठी लिही. टर्बो. जात कळली न्हाई." मी लिहिली. त्या कपाटात माझ्या अक्षरातली ती एकच चिठ्ठी आहे.

मग त्यांनी मूठ उघडून हात पुढं केला. आई डावीकडं उभी होती, हात उजवीकडं गेला. "घे," ते म्हणाले. "उगाळलेलं वाळायच्या आत लाव."

आई जागची हलेना. त्यांनी तोंड वर केलं, डोळे मिटले आणि थांबले. मग ती पुढं आली, सहाणेवरचा लेप बोटावर घेतला आणि पापण्यांवर लावला, रोज लावायची तसाच.

अजून लावते. डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्यातही आता काही नाही, थेंब बंद केले तरी चालतील. थेंब बंद झाले. झाकण पापडाएवढं पातळ झालंय, चिमटीत धरवत नाही, चक्र मात्र शाबूत आहे. मी आईला काही म्हणत नाही आणि बाबाही म्हणत नाहीत. सकाळी मी मशीनवर बसलेली असते, आतून सहाणेवर पाणी टाकल्याचा आवाज येतो आणि बाबा बाजेवर तोंड वर करून बसतात.