बनुबाईचा तांब्या

गर्भगिरीच्या रांगेतल्या खडकवडीत दोन गोष्टी फार जुन्या आहेत. एक काळ्या पाषाणाचं शिवमंदिर, दुसरा बनुबाईचा धाकट्या जावेशी अबोला. मंदिर कुणी बांधलं हे गावात कुणाला सांगता येत नाही. अबोल्याचं मूळ मात्र शेंबड्या पोरालाही पाठ आहे. वाटणीत जात्याचा वरचा दगड बनुबाईकडे आला, खालचा रंगुबाईकडे गेला. दोघींनी आपापला दगड तुळशीपाशी मांडून ठेवला आणि दळण गिरणीत नेलं.

गावचा रिवाज असा, की चढ चढून दमलेला माणूस, मग तो पाहुणा असो की गावचा, ज्याच्या हातचं पाणी पिईल त्याच्याच घरी जेवेल. आता रंगुबाईचं घर नेमकं चढ संपतो तिथे आणि बनुबाईचं मंदिरामागच्या टेकाडावर. म्हणून रविवारी बनुबाई साठीचे गुडघे घेऊन अर्धा डोंगर उतरते आणि सीताफळीच्या वळणावर तांब्या घेऊन बसते.

त्या रविवारी नगरच्या सावेडीहून आठजण मंदिर बघायला येणार होते. बनुबाईने पहाटेच पातेलंभर पिठलं करून ठेवलं होतं. पाहुणे रंगुबाईकडे जेवले असते, तर पिठलं वाया गेलंच असतं, वर जावेचं हसू बघावं लागलं असतं.

"पानी घ्या, ताई."

"नको मावशी, आहे आमच्याकडे," सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या निकिताने बाटली दाखवली. मागच्या सातांनीही दाखवल्या.

"इकतचं? मंग जेवायला त्या कंपनीच्या घरी जानार व्हय?"

सगळे हसले. प्यालं कुणीच नाही.

बनुबाई हार मानणारी नव्हे. ती त्यांच्याबरोबर चढू लागली. मोर दाखवला, वीरगळ दाखवला, समोरच्या पवनचक्क्या आपल्याच असल्यासारख्या दाखवल्या. दर वळणावर म्हणे, "ऊन लई हाय, न्हाई?" बोलून बोलून तिचाच घसा सुकला. पण तांब्यातलं पाहुण्यांसाठीचं पाणी उष्टं कसं करायचं? वर पोचताच तिला जोराचा ठसका लागला. कुणीतरी पेला पुढे केला, तिने घटाघटा रिकामा केला आणि मग तिला हात दिसला. रंगुबाईचा.

"आक्का," रंगुबाई म्हणाली, "रिवाज मोडायचा का?"

बनुबाईने चपला काढल्या आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसली. वाट दाखवणारीच बसली, म्हणून आठही पाहुणे रांगेत बसले. रंगुबाईने दोघातिघांपुरतंच केलेलं. तिसऱ्या ताटालाच पातेलं खरवडायची वेळ आली.

बनुबाईने ते पाहिलं. बराच वेळ छताकडेही पाहिलं.

"रंगे, माझ्या घरी पिठलं हाय. जा, घिऊन ये."

रंगुबाई टेकाड चढून गेली आणि पातेलं घेऊन धापा टाकत परतली. बोट बुडवून तिने चव घेतली.

"तिखट जाळ केलंय, आक्का!"

"मंग पानी पी," म्हणत बनुबाईने सकाळपासून सांभाळलेला तांब्या पुढे सरकवला.

रंगुबाईने तांब्याकडे पाहिलं, जावेकडे पाहिलं. मग तांब्या उचलला आणि घोट घेता घेता म्हणाली, "राती लवकर जेवते मी. भाकरी गरम पायजे."