बाहेरून कुलूप

अच्युत देवतळे भिलाईच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन. मशीनवर माणूस काम करत असेल तर तिच्या स्विचला कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, हा तिथला नियम. त्यामुळे माणसं वाचतात, हे त्याने पाहिलं होतं. म्हणून तो नियम घरी आणताना त्याला काही वावगं वाटलं नाही.

मुलगी मिताली लहान असताना त्याची बायको लतिका पहिल्यांदा आजारी पडली. कारखान्याचा भोंगा आपलं नाव घेतो, असं ती म्हणू लागली. एका दुपारी अनवाणी निघाली, ती थेट कुरुदच्या रस्त्यावर सापडली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. अच्युतने कुलूप आणलं. आजार उसळला की ड्युटीला जाताना बाहेरून लावायचं, एकदा ओढून बघायचं. शेजारी सांगायचं, लतिका माहेरी गेली, वर्ध्याला. मितालीकडूनही तेच पाठ करून घेतलं. शाळेतून आली की ती समोरच्या नलूकाकूंकडे बसायची आणि आई आत आहे हे ठाऊक असून खिडकीतून आपल्याच बंद दाराकडे बघत राहायची.

"भाऊ, वहिनीले माहेरचंच पाणी मानवते वाटते," नलूकाकू म्हणायच्या. तो हसून घ्यायचा.

मिताली नोकरीला बंगळूरला गेली. फोनवर हिंदीत बोलते, आईची तब्येत विचारते. यायचं म्हटलं की तिला सुट्टी नसते.

मग एक नवी गोळी लतिकाला लागू पडली. वर्षभर ती स्थिर होती, तरी ड्युटीला निघताना अच्युतचा हात आपोआप कुलपाकडे जायचा. संक्रांत आली तशी ती म्हणाली, यंदा हळदीकुंकू करते. ज्या बायकांसमोर ती मान वर करत नसे, त्यांच्या दारी जाऊन तिने स्वतः आवतन दिलं. वाणाला स्टीलच्या वाट्या आणल्या. रांगोळी काढताना तिचा हात थरथरला नाही, हे अच्युतने पाहिलं.

बायकांच्या कार्यक्रमात पुरुषाने घरात रेंगाळू नये, म्हणून तो बाहेर पडला आणि सेक्टरच्या बागेत जाऊन बसला. कितीतरी वर्षांनी त्याला कसली घाई नव्हती. शेंगदाणेवाल्याला पैसे द्यायला त्याने खिशात हात घातला, आणि किल्ली हाताला लागली.

तो धावत आला तेव्हा उजेड कमी झाला होता. बायकांची पावलं रांगोळीच्या कडेपर्यंत येऊन वळली होती. त्याने कुलूप काढलं. आत लतिका काठपदराच्या हिरव्या साडीत बसली होती. दिवा लावलेला नव्हता.

"आवाज कावून नाही दिला?"

"आतून आवाज दिला असता तं म्हणाल्या असत्या, येडीले कोंडून गेला."

"मले फोन तं करायचा."

ती वाट्या एकात एक रचत होती. "मले वाटलं, तुमाले काही दिसलं असन माह्यात. मलेच समजलं नसन."

तो म्हणाला, सवयीने लागलं गं, हातानेच लावलं. पुन्हा पुन्हा म्हणाला. तिने ऐकून घेतलं, मुलाची सबब ऐकावी तसं.

सगळ्यांना बोलावून आणतो म्हणून तो तसाच समोर गेला. नलूकाकू दारातच होत्या.

"आलो होतो ना भाऊ आमी. कुलूप पाहून फिरलो. गेल्या का वहिनी वर्ध्याले?"

खरं सांगायचं, तर आजचं तेवढंच सांगून भागलं नसतं. मागचं सगळंच उकलावं लागलं असतं. नलूकाकू उत्तराची वाट बघत होत्या. जुनं उत्तर जिभेवर तयार होतं.

"हो," तो म्हणाला.

वळला तेव्हा त्याला दिसलं की आपलं दार उघडंच राहिलं आहे, आणि पडद्यामागे ती उभी आहे.

सकाळी ड्युटीला निघताना त्याने कुलूप मुद्दाम टेबलावर ठेवलं. सायकल काढत होता, तर लतिका दारात आली. हातात कुलूप होतं.

"हे राहिलं," ती म्हणाली, आणि ते त्याच्या हातात देऊन आत गेली.

त्याने सायकल पुन्हा भिंतीला टेकवली. पहिला भोंगा होऊन गेला. मग त्याने कुलूप लावलं. ओढून मात्र पाहिलं नाही.