जित्या बाईचं पान

आमच्या घरी पितरपाटात अहेव नवमीला एक सवाष्ण जेवू घालायची चाल होती. नवऱ्याआधी मेलेल्या बाईच्या नावानं हे पान वाढतात. आमचं पान सासऱ्यांच्या पहिल्या बायकोचं. लग्न होऊन मी तीर्थपुरीजवळच्या या गावात आले तेव्हा एवढंच सांगितलं, की ती माहेरी गेल्ती अन् तापानं वारली. पुरण शिजवायचं, साडीचोळी द्यायची, झालं. मेलेल्या माणसाचं कोण उकरत बसतंय?

सासरे गेले. तेरावं उरकल्यावर सासूनं मला चुलीपाशी बसवलं आणि म्हणाली, ती बाई जिती आहे. हसनाबादला भावाकडं राहते. चार वर्षं मूल झालं नाही म्हणून तिला माहेरी धाडली. पण सवतीवर पोरगी द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा आजेसासूनं ती मेली असं उठवून दिलं, आणि लोकांना खरं वाटावं म्हणून पान वाढायला सुरुवात केली. भाऊ लाजेनं गप्प बसला. आजेसासूनं मरताना हे सासूला सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती झाकायची बायांनीच! माझं डोकंच फिरलं. सासऱ्यांना माहीत होतं का, मी विचारलं. त्यायलाच तर माहीत होतं, म्हणाली.

"तिला सांगून ये," सासू म्हणाली. "मालक गेले हे तिला कळाया पाह्यजे. तिचा हक्क हाय. अन् घरात कुणाजवळ बोलू नको."

माहेरी जाते म्हणून मी निघाले आणि जालन्याहून हसनाबादची एसटी धरली. वाटभर कसं सांगायचं ते जुळवत होते. म्हातारी ओसरीवर मूग निवडत बसलेली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. गावाचं नाव ऐकताच तिचा हात थांबला. कुणाची सून, तेही विचारलं. मी सांगितलं. तिची भाचेसून चहा ठेवायला आत गेली, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "बरे हायेत ना?"

काय सांगू? ज्या घरानं तिला जितेपणी मारलं, त्याच घरच्या माणसासाठी ती रोज कुंकू लावत होती. त्या घरचं तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

"बरे हायेत," मी म्हणाले. ती हसली आणि चहाबरोबर मला बळंच दोन खारी खायला लावल्या. निघताना मी भाचेसुनेला माझा फोन नंबर दिला.

घरी आल्यावर सासूनं विचारलं, सांगितलं का. हो म्हणाले. रडली का? रडली. सासू म्हणाली, "चला, आता आम्ही दोघी सारख्या झालो."

मालकच गेल्यावर रीतीप्रमाणं नवमीचं पान बंद झालं. पण सासू तिची आठवण काढायची, ती काय करत असंल म्हणायची, बहिणीची काढावी तशी. मी नुसती हूं हूं करायची. तेच धरून ती वारली. तिचं गुपित मला मिळालं, आणि त्यावर माझं खोटं मी चढवलं. आता हे कुणाला सांगू? नवरा बापाला देव मानतो. सून पुण्याला, ती फोनवर जेवलात का विचारते. तोंडाशी आलेलं मी गिळते, आणि मग दिवसभर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. फार एकटं वाटतं, खरं सांगते.

यंदा दिवाळीनंतर भाचेसुनेचा फोन आला. मी गेले. बायांनी म्हातारीला हिरवं लुगडं नेसवलं होतं, ओटी भरली होती. नवऱ्यानं टाकली, पर कुंकू घेऊन गेली बया, असं सगळ्या म्हणत होत्या. कुणीतरी माझ्या हातात करंडा दिला. "तू सासरकडची ना? तू लाव."

तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्या घोळक्यात ते माझ्या एकटीला ठाऊक होतं. मी करंड्यात बोट बुडवलं आणि तिला कपाळभर कुंकू लावलं.