रुमालाखालचं मशीन

कांड्यांची टोपली आम्ही दोघं उचलून आणत होतो. एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात घालायची सुताची नळी. पंचाण्णव-शहाण्णव साल असेल, सुरतेत नवागामला मी लूमवर होतो, आणि माझी बायको गयाबाई त्याच कारखान्यात कांड्या भरायची. अर्ध्या वाटेत तिनं टोपली टेकवली.

"अहो, दम लागतोय."

"म्हातारी झालीस."

"तुम्ही मोठे तरणे!"

हसली, पण पाय सुजलेले होते. गल्लीतल्या डॉक्टरकडे नेली.

आम्हा लूमवाल्यांची रीतच होती. अशक्तपणा आला की सलाईनची बाटली चढवायची आणि दुसऱ्या दिवशी पाळीला उभं राहायचं. सेठही म्हणायचा, बाटली घेऊन ये. डॉक्टरनं धड नाडीसुद्धा धरली नाही. "कमजोरी है काका, दो बॉटल लगेगी." बीपीचं मशीन टेबलावरच होतं, वर रुमाल टाकलेला. डोकं दुखतं म्हणून ती वर्षानुवर्षं त्याच्याकडे जायची. तो रुमाल त्यानं कधी उचलला नाही.

दुसरी बाटली अर्धी झाली आणि तिचा श्वास कोंडला. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेली. संध्याकाळी गेली.

तिथली डॉक्टरीण माझ्यावरच उखडली. "बीपीची गोळी का बंद केली?"

"बाई, बीपी आहे हेच कुणी सांगितलं नाही."

मग ती म्हणाली, बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की किडनी खराब होते, हृदय थकतं, अंगात पाणी साठतं. त्यात बाटलीनं मिठाचं पाणी आणखी घातलं. ते फुप्फुसात भरलं.

मला बरोबर कळलं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, फार ओढून बसवला तरी माग लगेच थांबत नाही. कापड निघत राहतं, धागे झिजत राहतात. म्हणून आम्ही ताण्यावर रोज हात फिरवून बघतो. सुताला बघणारे होते. बाईला कुणी बघितलं नाही.

सकाळी चपला घातल्या. धाकटा भाऊ आडवा आला. "दादा, सुतकात कुठं निघालास?"

"डॉक्टरकडे."

गल्लीतल्या त्या दवाखान्यात तिच्याच खाटेवर उत्तरेकडचा एक कारागीर पडला होता. डॉक्टरच्या हातात सुई होती. मी रुमाल काढून फेकला आणि मशीन खाटेवर ठेवलं.

"पहले ये बांध. बॉटल बाद में."

"काका, दिमाग फिर गया क्या?"

"हां, फिर गया. बांध."

कारागिरानं माझ्याकडे बघितलं आणि बाही वर केली. "बांध दो, डॉक्टरसाब."

डॉक्टरनं सुई ट्रेमध्ये टेकवून पट्टा बांधला, फुगवला, पारा बघितला. पुन्हा फुगवला; पारा तेवढाच वर. मग सुई उचलून परत डब्यात ठेवली.