सत्यशीलामावशीच्या पापण्या

भिलाईच्या पावर हाउस भागात, स्टेशनकडे वळणाऱ्या रस्त्यावर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. कोणा नेत्याचा वाढदिवस असो, कोणाची तेरवी असो, की दहावीत पंच्याण्णव टक्के मिळवलेली पोरगी असो, अर्धी भिलाई माझ्या मशिनीतून निघून खांबावर चढते. इतकी वर्षं हा धंदा केल्यावर मला माणसाच्या तोंडाचीच किळस यायला लागली आहे. मी तोंडं गोरी करतो, दात पांढरे करतो. मेलेल्या म्हाताऱ्याचा फोटोत एक डोळा मिटलेला असेल तर दुसऱ्या फोटोतला काढून बसवतो. लोक म्हणतात, सुशील गजभियेच्या हातात जादू आहे. जादू कसली, माती.

पण सगळ्यात घाण काम मी केलं ते सत्यशीलामावशीचं.

सत्यशीला रामटेके मूळची भंडाऱ्याकडची. लग्न होऊन भिलाईला आली. नवरा चंपत स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर होता. माझे बाबाही त्याच खात्यात, म्हणून आमची क्वार्टरं समोरासमोर आणि मी लहानपणापासून तिला मावशी म्हणणारा. चाळिशीनंतर तिच्या दोन्ही पापण्या खाली उतरायला लागल्या. आधी थोड्या, मग पार अर्ध्या बुबुळावर. समोरचं दिसावं म्हणून ती हनुवटी वर करून, भुवया ताणून बघायची, आणि लोकांना वाटायचं बाईला मिजास आली. खाली बसली की वाटायचं झोपली. चंपतकाका स्वतःच सांगत फिरायचा, "माही बायको उभ्यानं झोपते." मावशी हसायची. संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायचं, ते मात्र तिनं कोणाला सांगितलं नाही.

काका नोकरीत असतानाच गेला. क्वार्टर सुटलं, मावशी मुलाला घेऊन कॅम्प दोन नावाच्या वस्तीत खोली घेऊन राहायला आली. मुलगा विक्की मोठा होऊन रसमड्याच्या एका कारखान्यात लागला. मावशीनं नेहरू नगरातल्या एका क्लिनिकमध्ये आयाचं काम धरलं. क्लिनिक म्हणजे चेहरे चकाचक करण्याचं दुकान. त्याचं नाव मी घेत नाही, घेतलं तर चूळ भरावी लागेल. तिथे ती फरशी पुसायची, टॉवेल धुवायची, बायकांना चहा द्यायची. ऑटोतून उतरून हायवे ओलांडताना एका बोटानं उजवी पापणी वर धरायची आणि दुसरा हात गाड्यांना दाखवायची. एकदा एका ऑटोनं उडवलीच. मनगट मोडलं. तेव्हा विक्कीनं तिला रायपूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि पापण्यांच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आला.

क्लिनिकच्या मालकीणबाई म्हणजे सोनल मॅडम. त्या डॉक्टर नाहीत. डॉक्टर महिन्यातून एक दिवस रायपूरहून येतो. त्या वर्षी त्यांनी पापण्या उचलायचं नवीन काम सुरू केलं होतं आणि बोर्डावर लावायला चेहरा हवा होता. मावशीनं सुट्टी मागायला रायपूरचं कार्ड पुढे केलं, तर मॅडम म्हणाल्या, "आंटी, वहाँ धक्के क्यों खाओगी? हम यहीं कर देंगे, फ्री में. बस फोटो देनी पड़ेगी." मावशीनं तारीख सोडली. ज्या घरात आपण फरशी पुसतो तिथली बाई आपल्याला फसवेल, हे तिच्या डोक्यातच येत नाही. असली माणसं आपल्यात फार आहेत. म्हणूनच त्या मॅडमसारख्यांचं पोट भरतं.

फोटो माझ्याकडे आले. दोन होते. एकात मावशी जशी आहे तशी, थोडी जास्तच वाकडी पकडलेली. दुसऱ्यात केस मोकळे, ओठांना लाली, आणि डोळे टक्क उघडे. त्या बाईचे डोळे इतके मोठे आणि पाणीदार होते, हे मी पार विसरून गेलो होतो. मग मी फोटो मोठा केला. कानशिलावर, केसांच्या खाली, कातडीच्या रंगाच्या टेपचं टोक दिसत होतं. भुवयांच्या वरही एक पट्टी होती.

मावशीला विचारलं, "मावशी, हा टेप काऊन लावला?"

"नाप घ्याले लावला न, बाबू. ऑपरेशन झाल्यावर असे डोये होतीन म्हणे."

मी समजायचं ते समजलो. आणि टेप पुसला. दहा मिनिटांचं काम. मॅडमना पाठवलं तर त्यांचा फोन, "भैया, बहुत चिकना हो गया. नेचुरल लगना चाहिए. ऑपरेशन हुआ है ऐसा लगना ही नहीं चाहिए." मग मी डोळ्यांच्या कडेला तीन सुरकुत्या परत घातल्या, पापणीवर हलकीशी घडी काढली. मॅडम खूश. न झालेलं ऑपरेशन झाल्यासारखं वाटेल तरी कसं? त्या नेचुरलपणाचा सगळा मान माझा आहे. कोणाला द्यायचा असेल तर द्या, मी थुंकून घेईन.

बोर्ड हायवेला लागला, मग सुपेल्यात, मग दुर्गच्या रस्त्याला. 'थकी आँखों को अलविदा'. कॅम्पातल्या बायका तिला बघायला खोलीवर यायला लागल्या. मॅडमनं आधीच सोय केली होती. मावशीला एक मोठा काळा गॉगल दिला आणि सांगितलं, ऑपरेशन झालंय म्हणायचं, डॉक्टरनं उजेड मना केलाय म्हणायचं. तुमचा नंबर पुढच्या महिन्यात लागेलच, तेव्हा ते खरंच होईल. म्हणजे आधीच दिसत नाही, त्यावर काळी काच. बाई भरदुपारी भिंत चाचपत चालायची. पण चालायची. कारण पुढच्या महिन्यात डोळे मिळणार होते.

पुढचा महिना सहा वेळा आला.

दिवाळीच्या आधी मी नव्या बोर्डाचं माप घ्यायला क्लिनिकमध्ये गेलो होतो. डॉक्टर आलेला होता. मावशी टॉवेल घेऊन गेली तसं त्यानं दाराकडे बघून मॅडमना सांगितलं, "इनकी चमड़ी नहीं लटकी है, पलक उठाने वाली मांसपेशी ढीली है. यह अपने यहाँ होगा ही नहीं. आँखों के अस्पताल भेजो." मॅडम म्हणाल्या, "अभी रहने दीजिए सर, बोर्ड अच्छा चल रहा है." मी मापाची पट्टी गुंडाळत उभा होतो. दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं. मी त्यांच्यातलाच, हे त्यांना माहीत होतं.

थंडीत रायपूरच्या दवाखान्यातून दुसरी तारीख आली. विक्कीनं पुन्हा नाव घातलं होतं. मावशी कार्ड घेऊन सरळ माझ्या दुकानात आली. गॉगल कपाळावर चढवला, बोटानं पापणी उचलली आणि मला विचारलं, "बाबू, तू त्या लोकायचं काम करतं, तुले मालूम असन. जाऊ का थांबू?"

एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं. 'जा' म्हणायला एक अक्षर लागतं. त्या आठवड्यात क्लिनिकचे दहा बोर्ड माझ्याकडे छपाईला होते. मी म्हणालो, "थांब न, मावशी. मॅडम करीन म्हणते तं करीनच."

ती थांबली. त्या क्षणापासून मला माझ्या आवाजाची शिसारी आहे.

आमच्या कॅम्पातल्या बुद्धविहारात रविवारी सकाळी वंदना होते. पुस्तक बघून म्हणणारे पुष्कळ आहेत, पण पुढे बसून म्हणवून घ्यायची ती मावशीच, कारण तिला पुस्तक लागत नाही. ती एक शील म्हणते, मागून सगळे म्हणतात. गेल्या फाल्गुनातला रविवार. चपला काढतानाच सिंधुताईंनी तिला गाठलं. सिंधुताई म्हणजे रिटायर्ड फोरमनची बायको, मनानं चांगली, पण त्यांची जाऊ 'किती थकलेली दिसतेस' म्हणाली त्या दिवसापासून आरसा सुटत नव्हता. त्या म्हणाल्या, "सत्यशीला, गुरुवारी माहं ऑपरेशन हाये. हे नाही नाही म्हणून राहिले होते. म्या म्हणलं, आपल्या सत्यशीलाचे एवढे चांगले झाले, मले काय होते? तुह्याच भरवशावर जाऊन राहिली."

मावशीनं गॉगल नीट बसवला. आत जाऊन जागेवर बसली. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे तिनं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मागे सगळे वाट बघत होते. कोणाला वाटलं विसरली, कोणी हळूच शब्द पुरवला.

तिनं गॉगल काढून मांडीवर ठेवला आणि आमच्याकडे वळली. पापण्या होत्या तशाच, अर्ध्या बुबुळावर.

"माहं काही ऑपरेशन झालं नाही," ती म्हणाली. "फोटोत टेप लावला होता. मले सांगतलं झालं म्हण, म्या म्हणलं. आता करीन, मंग करीन म्हणे, म्हणून गप होती. सिंधुताई, तुमी माह्या भरवशावर जाऊ नका. आता मले ते ठेवणार नाहीत, अन् डोयेबी होणार नाहीत. पन हे शील मले म्हणताच नाही येऊन राहिलं."

मी तिसऱ्या रांगेत होतो. फोटोतला टेप कोणी पुसला, हे तिला माहीत होतं. कोणी थांबायला सांगितलं, तेही. ती माझं नाव घेईल म्हणून मी पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकलो. तिनं घेतलं नाही.

मला वाटलं, आता लोक क्लिनिकवर चालून जातील. कसलं काय. सिंधुताई म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस तू आमाले येडं बनवून राहिली होती?" एक पदाधिकारी उठले आणि समाजाची बदनामी या विषयावर दहा मिनिटं बोलले. एक जण म्हणाला, फुकटात मिळतंय म्हटल्यावर असंच होणार. ज्या बाईनं सगळ्यांसमोर स्वतःचे डोळे ओवाळून टाकले, तिला या लोकांनी आरोपी केलं. पुढच्या रविवारपासून वंदना दुसऱ्यानं म्हणवायची असं ठरलं. मग खीर वाटली. सगळ्यांनी वाटी वाटी खाल्ली, मीसुद्धा. सिंधुताईंनी ते क्लिनिक सोडलं आणि रायपूरचं दुसरं धरलं.

सोमवारी मावशीला कामावरून काढलं. मॅडमनं गॉगल परत मागून घेतला. विक्की रायपूरला जाऊन आला. दोन तारखा सोडलेल्या पेशंटला आता नव्यानं नंबर लावावा लागेल म्हणाले. किती महिने, ते कोणी सांगत नव्हतं.

त्याच आठवड्यात मॅडमचा मला फोन. "भैया, उस आंटी का चेहरा हटा दो. सिर्फ आँखें रखो, बड़ी करके. आँखों से कौन पहचानेगा?" मी कॉम्प्युटर उघडला. नाक काढलं, ओठ काढले, कपाळ काढलं. डावीकडे तिचे अर्धे मिटलेले डोळे राहिले, उजवीकडे मी केलेले टक्क उघडे. माझ्या सुरकुत्या फार छान आल्या होत्या. वीस फुटी बोर्ड, पावर हाउसच्या चौकात, माझ्या दुकानातून दिसेल असा.

चार दिवसांनी मावशी दुकानात आली. आता गॉगल नव्हता. दाराची चौकट धरून, पापणीला बोट लावून उभी राहिली.

"बाबू, चौकात त्या लोकायचा नवा बोर्ड लागला म्हणते. मले तेवढं वरचं दिसत नाही. विक्की म्हणे, त्याच्यात माहेच डोये हायेत. लई तापला, भांडाले जाऊन राहिला होता. म्या म्हणलं थांब, पयले सुशीलले पुसू दे. तो छापते, त्याले मालूम."

मी मशीन बंद केली. विक्की क्लिनिकमध्ये गेला असता तर मॅडमनं त्याला सरळ माझ्याकडे पाठवलं असतं. बोर्ड तिच्या पाठीमागे होता, चारही डोळे माझ्याकडे लागलेले.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "दुसऱ्या कोण्या बाईचे हायेत."

तिनं बोट काढलं. पापणी खाली आली. चेहरा एकदम सैल पडला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"बरं झालं पुसलं," ती म्हणाली. "आता घरी जाऊन त्याले सांगतो, उगाच कोणावर खोटा आळ घेऊ नको म्हणून."