मामा लांबून फोटो काढतो

माझा मामा शिंपी. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानाच्या वर त्याचं घर आणि पुढे शिवणाची खोली. ती इतकी लहान, की माप द्यायला आलेल्या माणसाने दोन्ही हात पसरले तर एक हात खिडकीबाहेर जायचा. तिथे बसून त्याने अर्ध्या गावाचे कपडे शिवले.

पन्नाशीला टेकल्यावर सुईत दोरा ओवताना मामाला दोन सुया दिसायला लागल्या. दोरा नेमका खोट्या सुईत जायचा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा दिला आणि वर सांगितलं, "दिवसभर जवळ बघता. मधूनमधून मान वर करा, लांबचं काहीतरी बघत जा."

दुसऱ्या कुणी हे ऐकून सोडून दिलं असतं. मामाने ते औषधासारखं घेतलं. पण त्याच्या खिडकीसमोर लांब असं काही नव्हतंच, समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या होत्या. मग तो कॅमेऱ्याच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "लांब बघायचंय. पण खिशाला झेपेल असं."

दुकानदाराने एक काळा, पोट सुटलेला कॅमेरा काउंटरवर ठेवला. बटण दाबलं की त्याची लेन्स घर्रघर्र करत कासवाच्या मानेसारखी बाहेर यायची, आणि येतच राहायची.

"साहेब, महागड्या कॅमेऱ्यांना तीन-तीन लेन्स बदलत बसावं लागतं. यात एकच आणि ती चंद्रापर्यंत जाते."

"चंद्राचं काय करायचंय मला?" मामा म्हणाला. पण घेतला. आणि त्याच संध्याकाळी गच्चीत जाऊन पहिला फोटो चंद्राचाच काढला. तो आला काळ्या कोटावर निखळून लोंबणाऱ्या बटणासारखा, तोही हललेला.

कॅमेरा स्वस्त होता, त्यामुळे त्याला खोडीही होत्या. लेन्स पुरती बाहेर काढली की हात जरासा थरथरला तरी समोरची इमारत भूकंप झाल्यासारखी डुलायची. म्हणून मामा श्वास रोखायचा. निशाणा नीट लागेपर्यंत रोखूनच धरायचा. तोंड लाल, मग जांभळं. मामी आतून ओरडायची, "अहो, श्वास घ्या! फोटो राहू दे, माणूस जाईल!" शेवटी त्याने कापडाच्या कात्रणांची एक लठ्ठ उशी शिवली आणि तिच्यावर कॅमेरा निजवायला लागला.

दुसरी खोड अशी, की बटण दाबल्यावर कॅमेरा आधी जरा विचार करायचा, मग फोटो काढायचा. तेवढ्यात पक्षी उडून जायचा. मामाकडे रिकाम्या फांद्यांचे ढीगभर फोटो जमले. तो ते अभिमानाने दाखवायचा. "हा बघ खंड्या."

"कुठाय?"

"आत्ता होता."

तिसरी खोड म्हणजे भूक. कॅमेरा सेल नुसते गिळायचा. घरातला रिमोट बंद पडला. मग भिंतीवरचं घड्याळ थांबलं. मग नातवाची बोलणारी बाहुली एके दिवशी "मला भूक ला" एवढं म्हणून कायमची गप्प झाली. मामीने विचारलं तर मामा म्हणाला, "मोठ्या कामासाठी गेले."

आता मोठं काम म्हणजे काय, तर गॅलऱ्या. मामा शिंपीच ना! लेन्समधून त्याला पक्षी कमी आणि शिलाई जास्त दिसायची. दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांच्या उसवलेल्या बाह्या, वाकड्या कॉलरी, दुसऱ्या शिंप्याने केलेली काजं बघून तो एकटाच हळहळायचा. एकदा समोरच्या चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंना आपल्या गॅलरीवर रोखलेली लेन्स दिसली. त्या तशाच जिने उतरून, रस्ता ओलांडून, मामाचा जिना चढून आल्या.

"लाज नाही वाटत? वय काय, करताय काय!"

"तुमच्या मिस्टरांच्या शर्टाची बाही उसवलीय," मामा म्हणाला. "डावी. काखेत."

"काय?"

मामाने फोटो दाखवला. फोटोत बाई नव्हत्याच. पडदाभर काख होती आणि तिच्यातून सुटलेला दोरा. बाईंनी तो बराच वेळ बघितला. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हा शर्ट घालून ते परवा मुलाखतीला गेले होते." दुसऱ्या दिवशी शर्ट दुकानात आला. त्यानंतर समोरच्या इमारतीत दोन तट पडले. एकाने जाड पडदे लावले; दुसऱ्याने उसवलेले कपडे मुद्दाम मामाच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालायला सुरुवात केली.

मामाचं हे लांब बघणं माझ्या बाबांना अजिबात पसंत नव्हतं. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांच्या मते माणसं दोन प्रकारची, पायऱ्या लिहून उत्तर काढणारी आणि मामा. आईला म्हणायचे, "तुझ्या भावाला सांग, लांबचं बघण्याआधी समोरचं बघ. काल नमस्कार केला तर ओळखलं नाही." त्यावर मामाचं म्हणणं, "भाऊजी फार जवळ उभे होते."

अशात माझ्या मोठ्या बहिणीचं, ताईचं लग्न ठरलं. नोंदणी कार्यालयात सह्या आणि बाजूच्या हॉलमध्ये जेवण, एवढाच बेत. फोटोवाला ठरवला होता. त्याचा सकाळीच फोन आला, बूट घालायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो म्हणून.

सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या. तो गळ्यात कॅमेरा, काखेत उशी आणि अंगात स्वतः शिवलेला लिंबासारखा पिवळा कोट घालून आलाच होता.

"त्यापेक्षा आपण सगळे एकमेकांना नीट लक्षात ठेवू," बाबा म्हणाले. पण आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की ते घड्याळ बघायला लागले.

सह्या झाल्या. वर आणि वधू सही करतानाचे फोटो मामाने काढले. त्यांत पेनाचं टोक फारच सुरेख आलं. मग सगळ्यांचा एकत्र फोटो ठरला. कार्यालयाच्या पायऱ्यांवर दोन्हीकडची मंडळी उभी राहिली, नवरदेवाच्या आजींना मध्ये खुर्ची दिली आणि मामा म्हणाला, "जवळून काढलं की पुढच्यांची नाकं मोठी येतात. लांबून काढलं की सगळे सारखे. मी जरा मागे होतो."

तो मागे झाला. फुटपाथवर गेला. रस्ता ओलांडला. बागेत शिरला, बागेतून पलीकडे निघाला आणि दिसेनासा झाला. आम्ही हसऱ्या चेहऱ्याने उभे. बऱ्याच वेळाने आईचा फोन वाजला. तिने आवाज मोठा केला.

"अक्का, सगळ्यांना सांग, हलू नका."

"अरे, तू आहेस कुठे?"

"समोर."

"समोर म्हणजे कुठे?"

"बागेपलीकडे फर्निचरचं दुकान आहे ना, त्याच्या गच्चीवर."

खरंच तिथे एक पिवळा ठिपका दिसत होता. ठिपक्याने हात हलवला. नवरदेवाचे वडील सभ्य गृहस्थ. त्यांनी उलट हात हलवला.

"व्याह्यांना सांग, हात खाली," फोन म्हणाला. "आणि तो निळ्या शर्टातला रस्त्यावरचा माणूस मध्येच घुसलाय, त्याला बाहेर काढा."

"अरे, गप!" आई कुजबुजली. "ते त्यांचे जावई आहेत!"

फोनचा आवाज मोठाच होता. जावयांनी ऐकलं, आणि ते मान ताठ करून बाजूला झाले. त्यांना समजावून परत आणेपर्यंत पुढे एक बस येऊन उभी राहिली. ती गेली तर आजींना झोप लागलेली. त्यांना जागं केलं तर त्यांनी विचारलं, "झालं लग्न?" कुणीतरी हसलं, ते बघून सगळेच हसले.

"असेच! असेच राहा!" मामा फोनवर ओरडला आणि मग एकदम गप्प झाला. श्वास रोखला असणार. पायऱ्यांवर आम्हीही, का कोण जाणे, श्वास रोखला.

"सेल संपले," फोन म्हणाला.

मामा खिशातून सेल शोधत होता आणि आमचं हसू तोवर गालांवर सुकत होतं. शेवटी एकदाचं "झालं!" ऐकू आलं आणि सगळी गर्दी जेवणाकडे पळाली. आईनेही हातातला फोन गुच्छांच्या ढिगात ठेवला आणि ती वाढायला धावली.

तिकडे गच्चीवर मामा खाली यायला वळला, तर दार बंद. दुकानाचा रखवालदार कडी लावून जेवायला गेला होता. मामाने दार बडवलं. फोन केला, तो गुच्छांखाली वाजत राहिला. हॉलच्या मोठमोठ्या खिडक्या बरोबर समोर होत्या. पोटात कावळे ओरडत होते आणि लेन्समधून प्रत्येक पान स्पष्ट दिसत होतं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून मामाने फोटो काढले.

मामी जेवून उठली तेव्हा तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. "एवढी शांतता का आहे?" म्हणत ती खिडकीशी आली, तर गच्चीवर पिवळा कोट काठीला बांधल्यासारखा हलत होता, आणि त्याच्याखाली मामा. ती भरलेलं ताट झाकून घेऊन बागेतून पळत गेली, रखवालदाराला शोधून वर गेली आणि म्हणाली, "आधी खा. बोलू नका. श्वास घेत घेत खा."

पुढच्या आठवड्यात मामा फोटो घेऊन आमच्या घरी आला. एकत्र फोटो मोठा करून आणला होता. पायऱ्यांवरची सगळी माणसं त्यात धुक्यातल्यासारखी होती, कोण कुणाचं हे कपड्यांच्या रंगावरून ओळखायचं. कॅमेऱ्याने आमच्याऐवजी मागची भिंत धरली होती. तिच्यावरची पाटी मात्र इतकी लख्ख, की रंगाचे ओघळसुद्धा मोजता यावेत: 'येथे उभे राहू नये.'

सगळ्यांनी ती पाटी वाचली. मग ताईच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. आम्हाला वाटलं रडतेय. ती जमिनीवर बसून पोट धरून हसत होती.

उपाशीपोटी काढलेले फोटो मात्र काय सांगू! नवरदेवाची आत्या पर्समध्ये मिठाई भरताना. निळ्या शर्टातले जावई रुसवा विसरून तिसऱ्यांदा वाढून घेताना. आजी कुणाच्या तरी बाळाची दुधाची बाटली हलवून बघताना. ताई आणि तिचा नवरा टेबलाखाली पंजा लढवताना, आणि ताई जिंकताना. आपल्याला कुणी बघत नाही अशा खात्रीने वागणारी ती सगळी माणसं, एकदम खरी.

एक फोटो मामाने त्या गठ्ठ्यात ठेवला नव्हता. सगळे स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने तो बाबांच्या हातात दिला. मी दाराआडून बघितला. हॉलच्या बाजूला स्कूटर लावतात तिथे बाबा एकटेच उकिडवे बसले होते, कुणाच्यातरी स्कूटरचं चाक तपासल्यासारखे. डोळ्यांना रुमाल लावलेला होता.

बाबांनी फोटो उलटा केला, परत सुलटा केला.

"टायरमध्ये हवा कमी होती," ते म्हणाले.

"हो ना," मामा म्हणाला. "फोटोत दिसतंय."

"कुणाला दाखवलास?"

"कुणाला नाही. फाडू का?"

"नको." बाबांनी फोटो खिशात ठेवला. मग घसा खाकरून म्हणाले, "त्या यंत्राने नदीपलीकडचं दिसतं का रे?"

तेव्हापासून सुट्टीच्या सकाळी दोघे मिळून गावाबाहेरच्या टेकडीवर जातात. उशी बाबा घेतात. मामाने श्वास रोखला की हे शेजारी उभे राहून आकडे मोजतात आणि ठरावीक आकड्याला पाठीत गुद्दा घालतात. फोटो हलतो, पण मामीला त्यामुळे घोर नाही. ताईने तो पाटीचा फोटो चौकटीत घालून आपल्या बैठकीत लावलाय. नवा पाहुणा आला की तो वाचतो आणि पटकन खाली बसतो.

परवा टेकडीवरून बाबांचा आईला फोन आला. आवाज पोरासारखा चढलेला. "गच्चीत ये! लवकर! तू इथून दिसतेस का बघायचंय!"

आई पीठ लागलेल्या हातांनी गच्चीत गेली आणि टेकडीच्या दिशेने हात हलवायला लागली.

"दिसतेस! दिसतेस!" बाबा ओरडले. "साडी कधी बदललीस? अगं, आमच्याकडे बघ ना. बादली काय उचलतेस?"

"मी कुठे बादली उचलतेय?" आई म्हणाली.

पलीकडून लेन्सची घर्रघर्र ऐकू आली. मग मामाचा आवाज आला, "भाऊजी, बघू नका, त्या बाई आपल्याकडेच बघतायत!" आणि दोघांपैकी कुणीतरी घाईघाईने फोन बंद केला. आई मात्र आणखी बराच वेळ हात हलवत उभी होती. न जाणो, चुकून तिच्याकडेही वळले तर.