जयमालाबाईंचा फोन

जयमालाबाईंशी गोड बोलणारा माणूस चिखलीत मी तरी पाहिला नाही. मलाही त्या आवडत नाहीत. आमच्या प्रेसमध्ये त्या प्रूफं तपासतात, मी कागद कापतो, आणि आमचं हाडवैर आहे. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असतं आणि बाई म्हणतात, "थांबा, माझं वाचून झालं नाही."

त्यात त्यांची एक खोड. लग्नपत्रिका आली की त्या घरी फोन लावायचा, एकेक नाव मोठ्यानं वाचायचं आणि विचारायचं, हे हयात आहेत ना? लोक शिव्या घालतात. बाई ऐकून घेतात आणि पुढचं नाव वाचतात.

हिवरा आश्रम गावचे माणिकराव तर भडकलेच. धाकट्या लेकीचं, मनालीचं लग्न होतं. त्यांनी बाईंचा फोन मधेच कापला आणि आमच्या मालकाला, राजकुमारला लावला. "लग्नाच्या घरी कोन मेलं, कोन जिवंत हाये, हे इचारून राह्यली तुमची बाई. तिले आवरा, नाही तं कार्ड मेहकरले छापतो."

राजकुमारनं पत्रिका बाईंच्या टेबलावरून उचलली. "वाचाले काय लागते? कॉम्प्युटर हाये ना." थोरल्या सारिकाच्या लग्नाची फाईल होतीच. तिच्यातच नवरा, नवरी, तारीख बदलली. माणिकरावांनी जावयाचं नाव तेवढं पाहिलं आणि 'हाव, छापा' म्हटलं.

दोन्ही लग्नांच्या मधल्या काळात माणिकरावांचे मोठे भाऊ धम्मरत्न वारले होते. त्यांचं नाव निमंत्रकांत तसंच राहिलं, गेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते 'कालकथित' न लागता. ती पत्रिका गेली त्यांच्याच विधवेच्या, जनकाबाईंच्या हातात. आई गेल्यावर मनालीला त्यांनीच वाढवलं होतं. जनकाबाईंनी निरोप धाडला, मी लग्नाला येत नाही. मनाली म्हणाली, मोठी आई नाही तर मीही उभी राहत नाही.

माणिकराव प्रेसमध्ये येऊन ओरडले ते जयमालाबाईंवरच. "तुमाले ठेवलं कायले मंग इथं?"

बाईंनी मान वर केली नाही. "इचारलं होतं. तुमाले राग आला. आता वहिनीले तेच जाऊन सांगा."

त्या दिवशी मला बाईंचा राग आला नाही. राजकुमारचा आला, आणि माणिकरावांचा तर असा आला की कटरवरून उठून बाहेर जावं लागलं. नव्या पत्रिका बाईंनी वाचल्याशिवाय मी कापल्याच नाहीत.

त्या घेऊन माणिकराव आणि मी जनकाबाईंच्या घरी गेलो. माणिकरावांनी चूक प्रेसची म्हणून सांगितली. जयमालाबाईंच्या फोनबद्दल अक्षरही काढलं नाही. वर म्हणाले, "वहिनी, लग्नाच्या दिवशी गाडी धाडतो तुमाले."

जनकाबाईंनी नवी पत्रिका बाजूला ठेवली. जुनी उशाशी होती, ती काढून नवऱ्याच्या नावावरून बोट फिरवलं.

"ह्यायनं बोलावलं ना मले?" त्या म्हणाल्या. "मंग न्याले बी ह्यायलेच धाडा."